कुटुंब म्हणजे कोण? एडमंड्समधल्या ऑक्सफर्ड हाऊसचं प्रकरण

१९९० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एडमंड्स नावाच्या गावात ऑक्सफर्ड हाऊस नावाचं एक घर सुरू झालं. वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलच्या उत्तरेला, प्युजेट साउंडच्या किनाऱ्यावरचं हे गाव. घर ज्या भागात होतं तो एकेका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांसाठी राखलेला. इथे राहणार होती दहा ते बारा मोठी माणसं. त्यांचं आपसात काही नातं नव्हतं. दारू किंवा ड्रग्ज सोडलेली ही माणसं एकत्र राहून ती सोडलेलीच ठेवू बघत होती.

शहराच्या प्रशासनाला हे कळलं आणि घरमालकावर व तिथल्या एका रहिवाशावर थेट फौजदारी नोटिसा निघाल्या. दंगा, चोरी, शेजाऱ्याशी मारामारी असलं काही कारण नव्हतं. शहराच्या नियमावलीत कुटुंबाची व्याख्या दिलेली होती: रक्ताच्या, दत्तकाच्या किंवा लग्नाच्या नात्यानं जोडलेली कितीही माणसं, किंवा नातं नसलेली पाचपर्यंत माणसं. या घरात पाचापेक्षा जास्त होती, म्हणून ते कुटुंब नव्हतं, आणि कुटुंब नाही म्हणून त्या वस्तीत राहण्याचा हक्क नव्हता.

हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. निकाल लागायला १५ मे १९९५ उजाडला. कायद्याच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण घरांच्या हक्कांचं म्हणून शिकवलं जातं. मला ते व्यसनमुक्तीचं प्रकरण म्हणून जास्त मोलाचं वाटतं. उपचार संपल्यावर माणूस कोणत्या दारातून आत जातो, यावर त्याचं पुढचं बरंचसं अवलंबून असतं, आणि ते दार उघडणं डॉक्टरच्या हातात नसतं. ते असतं घरमालक, शेजार आणि नगरपालिकेच्या हातात.

घर आलं कुठून

ऑक्सफर्ड हाऊसची सुरुवात १९७५ ची. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनानं, चालवलेलं एक हाफवे हाऊस होतं. दारू सोडलेल्यांनी उपचार आणि घर यांच्या मधले काही महिने काढायची ती जागा. तिथे राहणाऱ्यांत पॉल मॉलॉय नावाचे एक वकील होते. एके काळी संसदेच्या समित्यांसाठी कायदे लिहिण्याचं काम केलेला हा माणूस दारूपायी संसार गमावून तिथे येऊन पोचला होता. पैसे वाचवण्यासाठी काउंटीनं ते घर बंद करायचं ठरवलं. आतल्या तेरा जणांना जायला जागा नव्हती. त्यांनी विचार केला, बंद कशाला करायचं, आपणच चालवू.

या निर्णयामागे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट होती. हाफवे हाऊसमध्ये मुदत ठरलेली असे. सहा महिने झाले की जागा सोडायची, माणूस तयार असो वा नसो. मुदत संपली म्हणून बाहेर पडलेले बारा जण या मंडळींनी पाहिले होते, आणि त्यातले अकरा पुन्हा प्यायला लागले होते. म्हणून नव्या घराचा पहिला निर्णय झाला तो मुदत नसण्याचा. जो पीत नाही, आपला वाटा भरतो आणि घरात नीट वागतो, त्यानं हवं तितकं राहावं.

दुसरा निर्णय पैशांचा. हाफवे हाऊस बंद पडलं कारण ते सरकारी पैशांवर उभं होतं. तेव्हा भाडं, वीज, पाणी सगळं सारखं वाटून घ्यायचं. तिसरा निर्णय कारभाराचा: वॉर्डन नाही, समुपदेशक नाही, मॅनेजर नाही. सगळं मतदानानं. या सगळ्यावर एकच न वाकणारा नियम: प्यायला किंवा नशा केली, तर त्याच वेळी घराबाहेर. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) या दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या संघटनेच्या संस्थापकांवर ज्या ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक चळवळीचा प्रभाव होता, तिच्यावरून घराला नाव मिळालं.

पुढची तेरा वर्षं ही घरं हळूहळू वाढली, मुख्यतः राजधानी वॉशिंग्टनच्या आसपास. १९८८ मध्ये अमेरिकेत अमली पदार्थांविरुद्धचा मोठा कायदा आला आणि त्यात एक छोटं कलम होतं: प्रत्येक राज्यानं एक लाख डॉलरचा फिरता निधी ठेवायचा आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या सहा किंवा जास्त माणसांच्या गटाला असं घर सुरू करायला चार हजार डॉलरपर्यंत कर्ज द्यायचं. फेड दोन वर्षांत. पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट, थोडं फर्निचर, एवढ्याला ते पुरे. मला या कलमाचं फार कौतुक वाटतं. इमारती बांधा, पदं भरा, अनुदान द्या, असं त्यात काहीच नाही. उसने पैसे द्या आणि परत घ्या, बस. त्यानंतर ही घरं देशभर झाली. एडमंड्सचं घर याच लाटेतलं.

आतला कारभार

बाहेरून बघणाऱ्याला हे बॅचलरांचं घर वाटेल. आत मात्र आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसायचंच अशी सभा असते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, हिशेब तपासणारा, कामं वाटणारा, सगळे रहिवाशांतलेच. कोणालाही एका पदावर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. हाफवे हाऊसमध्ये हुकूम चालवणारे आणि हुकूम ऐकणारे अशा दोन जाती कशा होतात, ते संस्थापकांनी भोगलेलं होतं, म्हणून हा नियम.

सभेत जमाखर्च वाचला जातो. या महिन्याचं भाडं किती, विजेचं बिल किती, कोणाचा वाटा थकला. थकलेल्यानं सगळ्यांसमोर सांगायचं, कधी देणार. ज्याला कित्येक वर्षांत स्वतःच्या नावचं बिल वेळेवर भरता आलेलं नाही, ज्याच्या हातात घरच्यांनी पैसे देणं बंद केलंय, त्याला इथे दहा जणांचा चेक लिहायला बसवतात. बायको, आई, भाऊ यांनी शेवटी सोडून दिलेली जबाबदारी इथे तो पुन्हा उचलतो, आणि ज्यांच्यासाठी उचलतो तेही त्याच्याइतकेच घसरून आलेले असतात. त्यामुळे त्यांच्यासमोर थापा चालत नाहीत. "मित्राकडे गेलो होतो, उशीर झाला" या वाक्याचा अर्थ त्या टेबलाभोवती प्रत्येकाला पाठ असतो.

नवा माणूस घ्यायचा तर आधी मुलाखत, मग मतदान. ऐंशी टक्के मतं लागतात. दहा जणांच्या घरात आठ जणांचा होकार. बाहेर काढायला मात्र साधं बहुमत पुरतं. आत येताना कठीण आणि जाताना सोपं, हा हिशेब मुद्दाम ठेवलेला आहे. पुरुषांची घरं वेगळी, बायकांची वेगळी. काही घरांत आया मुलांसह राहतात.

संडास-बाथरूम कोणी धुवायचं, स्वयंपाकघर कोणी आवरायचं, हेही सभेतच ठरतं. वाचायला हे किरकोळ वाटतं. पण दारू सोडल्यावर माणसाला सर्वात जड जाते ती रिकामी संध्याकाळ. सहा ते दहा या वेळात काय करायचं, कोणाशी बोलायचं, हा प्रश्न कोणत्याही केंद्रातून डिस्चार्ज घेतलेल्या माणसाला विचारा. या घरात त्या वेळी कोणीतरी जेवण करत असतं, कोणी टीव्ही लावून बसलेलं असतं, कोणी ए.ए.च्या मिटिंगला निघालेलं असतं आणि विचारतं, येतोस का.

पाच का पुरत नाहीत

एडमंड्सच्या प्रकरणातला खरा तिढा आकड्याचा होता. शहराचं म्हणणं, पाच जण राहा, आमची काही हरकत नाही. ऑक्सफर्ड हाऊसचं म्हणणं, घर पैशानं आणि उपचार म्हणून टिकायचं असेल तर आठ ते बारा माणसं हवीत.

पैशाचा भाग सरळ आहे. समजा घराचं भाडं महिना पंधराशे डॉलर. पाच जणांत तीनशे पडतील, दहा जणांत दीडशे. नुकतीच नोकरी लागलेल्या, क्वचित मजुरी करणाऱ्या, कर्ज फेडणाऱ्या माणसाला हा फरक घर मिळण्या-न मिळण्याचा आहे. शिवाय एक जण नियम मोडून बाहेर गेला, तर पाचांच्या घरात वीस टक्के भाडं एका रात्रीत उडालं. मग उरलेल्या चौघांच्या मनात काय येणार? याला काढलं तर आपलं घर जाईल, तेव्हा या वेळी सोडून देऊ. ज्या नियमावर घर उभं, तोच नियम पाच जणांना परवडत नाही.

उपचाराचा भाग थोडा कमी दिसतो, पण महत्त्वाचा तोच. पाच जणांत तिघे नवे असले आणि त्यातला एक ढासळला तर तो बाकीच्यांना घेऊन जातो. दहा जणांत दोन-तीन तरी दीड-दोन वर्षं न प्यायलेले असतात. नव्याला तेच आधार. पुढे शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लेनर्ड जेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५४ ऑक्सफर्ड हाऊसमधल्या ६४३ रहिवाशांची माहिती तपासली. आठ किंवा जास्त माणसांच्या घरांत गुन्हेगारी आणि आक्रमक वागणूक कमी आढळली, आणि नशेपासून दूर राहिल्याचा काळ हे त्यामागचं एक कारण निघालं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास नंतर अशाच दाव्यांमध्ये कोर्टांपुढे ठेवला गेला. एडमंड्सच्या वेळी तो हाताशी नव्हता. तेव्हा होता फक्त अनुभव.

कोर्टात

ऑक्सफर्ड हाऊसनं १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याचा आधार घेतला. वंश, धर्म अशा कारणांवरून घर नाकारू नये यासाठीचा हा कायदा. १९८८ मध्ये त्यात अपंगत्वाची भर पडली. त्यात असंही आलं की अपंग व्यक्तीला घराचा इतरांसारखा उपभोग घेता यावा म्हणून गरज असेल तिथे नियमांत वाजवी सवलत द्यायला नकार देणं, हाही भेदभाव. व्यसनातून बाहेर आलेला माणूस या व्याख्येत बसतो. आज बेकायदा ड्रग्ज घेत असलेला मात्र बसत नाही, ते कायद्यातच लिहिलं आहे. म्हणजे घराचा नियम आणि कायद्याचं संरक्षण एकाच ठिकाणी थांबतात: नशा केलीस, तर घरही गेलं आणि संरक्षणही. एडमंड्सच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी या खटल्यापुरतं मान्यच केलं होतं की इथले रहिवासी या कायद्याच्या अर्थानं अपंग आहेत. त्यामुळे त्यावर वाद झाला नाही.

ऑक्सफर्ड हाऊसनं सवलत मागितली, शहरानं नाकारली. त्याच वेळी शहरानं नियम बदलून असली सामूहिक घरं बहुकुटुंबी इमारतींच्या आणि व्यापारी भागात चालतील असं केलं. वरवर ही तडजोड वाटते. पण दारू सोडलेल्या माणसानं साध्या घरगुती वस्तीत राहावं, बार आणि ड्रग्ज विकणाऱ्यांच्या कोपऱ्यापासून लांब, हाच तर या घरांचा मूळ विचार. त्याला दुकानांच्या रांगेत पाठवणं म्हणजे ज्या वाटेवरून तो आला तिच्या जवळ नेऊन सोडणं.

फौजदारी कारवाई थांबवून शहरानं स्वतःच केंद्रीय न्यायालयात दावा लावला. मागणी अशी की आमच्या कुटुंबाच्या व्याख्येला फेअर हाउसिंग कायदा लागूच होत नाही, असं जाहीर करा. कारण त्या कायद्यात एक अपवाद होता: घरात जास्तीत जास्त किती माणसांनी राहावं यावरचे वाजवी स्थानिक निर्बंध कायद्याच्या बाहेर. शहराचा युक्तिवाद: आमचा पाचाचा नियम म्हणजे तसाच निर्बंध. अमेरिकी सरकारही ऑक्सफर्ड हाऊसच्या बाजूनं उतरलं. खालच्या कोर्टानं शहराचं ऐकलं, नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं तो निकाल फिरवला. (सर्किट म्हणजे काही राज्यं मिळून केलेला केंद्रीय न्यायालयांचा विभाग.) दुसऱ्या एका राज्यातल्या अशाच प्रश्नावर अकराव्या सर्किटनं उलट मत दिलेलं होतं. तेव्हा सुप्रीम कोर्टाला लक्ष घालावंच लागलं.

निकाल सहा विरुद्ध तीन. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला. त्यांनी दोन प्रकारचे नियम वेगळे काढले. एक, जमिनीच्या वापराचे. कुठे काय असावं हे ठरवणारे. असे नियम वैध ठरवणाऱ्या १९२६ च्या युक्लिड खटल्यातली उपमा त्यांनी इथे आठवली आहे: योग्य गोष्ट चुकीच्या जागी, गोठ्यातलं डुक्कर दिवाणखान्यात आल्यासारखी. दुसरे, गर्दीचे. जागेच्या मानानं माणसं जास्त होऊ नयेत म्हणून असलेले. अपवाद फक्त दुसऱ्या प्रकारासाठी.

मग त्यांनी शहराचीच नियमावली शहरापुढे ठेवली. एडमंड्समध्ये गर्दीचा नियम वेगळा होताच. राहत्या खोलीचं क्षेत्रफळ किमान ७० चौरस फूट हवं, आणि एका खोलीत दोनपेक्षा जास्त माणसं झोपत असतील तर दोनांवरच्या प्रत्येकामागे आणखी ५० चौरस फूट. म्हणजे तिघांना १२०, चौघांना १७०. हा नियम आई-बाप-मुलांना लागू आणि अनोळखी दहा जणांनाही लागू. गर्दीची काळजी तो पुरेपूर घेतो. कुटुंबाच्या व्याख्येनं मग कशाची काळजी घ्यायची होती? गिन्सबर्ग यांनी उदाहरण दिलं: दहा भावंडं, त्यांचे आईवडील आणि आजी-आजोबा, सगळे एका घरात राहिले तरी एडमंड्सची व्याख्या मोडत नाही. ज्या नियमाला बारा-चौदा नातेवाईक चालतात आणि सहा परके चालत नाहीत, तो नियम संख्येचा नाही. राहणारे कोण आहेत, याचा आहे.

हे उदाहरण वाचताना आपल्यासारख्या वाड्यात आणि चाळीत वाढलेल्या माणसाला चटकन पटतं. दोन खोल्यांत चौदा माणसं राहिली तेव्हा गर्दीची तक्रार कोणी केली नाही. पण वरच्या मजल्यावर सहा पोरं भाड्यानं आली की जिना, पाणी, पार्किंग सगळं एकदम कमी पडतं.

न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी वेगळं मत दिलं, स्कालिया आणि केनेडी त्यांच्याबरोबर. त्यांचा मुद्दा शब्दांना धरून होता. कायद्यात 'कोणतेही वाजवी निर्बंध' असं म्हटलंय. नातं नसलेल्यांसाठी पाच ही मर्यादा माणसांच्या जास्तीत जास्त संख्येशी संबंधित आहे की नाही? आहे. मग नातेवाइकांना मोकळीक असली तरी अपवाद लागू व्हायला हवा. बहुमतानं जे दोन कप्पे पाडले ते संसदेनं लिहिलेले नाहीत. हा युक्तिवाद हलका नाही. कायद्याचा मजकूर समोर ठेवून कोणी भांडायला बसलं तर थॉमस यांच्या बाजूनं बराच वेळ बोलता येईल. पण कायदा ज्यांना घर मिळावं म्हणून केला, त्याच माणसांना बाहेर ठेवणारा नियम त्याच कायद्याच्या अपवादात बसवायचा, हे मला पटत नाही. अपवाद जपून, आखूड हातानं वाचावेत, हे बहुमताचं धोरण इथे योग्य होतं.

निकालानं काय दिलं नाही

हा निकाल अनेकदा प्रमाणाबाहेर फुगवून सांगितला जातो. कोर्टानं एवढंच म्हटलं की शहराला त्या अपवादामागे लपता येणार नाही. शहरानं खरोखर भेदभाव केला का, आठ-दहा जणांना परवानगी देणं ही वाजवी सवलत ठरते का, हे खालच्या कोर्टांनी ठरवायचं होतं. म्हणजे दार उघडं झालं नाही, दाराशी उभं राहून भांडायचा हक्क मिळाला. पुढे प्रत्येक गावात, प्रत्येक घराला तो हक्क स्वतः बजावावा लागला.

शेजाऱ्यांची भीती नुसती हसण्यावारी नेऊ नये. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्या माणसाला पलीकडे दहा माजी व्यसनी येणार म्हटल्यावर धास्ती वाटते, यात वाईट काही नाही. तिला उत्तर आकड्यांनी आणि अनुभवानं द्यायला हवं, आणि ते देता येतं. जेसन यांच्याच गटानं २००५ मध्ये ऑक्सफर्ड हाऊसच्या अगदी शेजारी राहणारे आणि एक ब्लॉक लांब राहणारे यांची मतं ताडून पाहिली. जवळच्यांचं मत जास्त चांगलं होतं. रोज सकाळी गाडी काढून कामाला जाणारी, अंगणातलं गवत कापणारी माणसं त्यांनी पाहिलेली होती.

मूळ प्रश्न मात्र, या घरानं दारू सुटलेली राहते का? जेसन यांचा यावरचा अभ्यास २००६ चा. उपचार पूर्ण केलेल्या १५० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. अर्ध्यांना ऑक्सफर्ड हाऊस, अर्ध्यांना नेहमीचा फॉलोअप. दोन वर्षांनी नेहमीच्या गटात ६४.८ टक्के लोक पुन्हा नशा करत होते, घरात गेलेल्या गटात ३१.३ टक्के. महिन्याची कमाई घरवाल्यांची सुमारे ९८९ डॉलर, दुसऱ्यांची ४४०. तुरुंगात असलेले ३ टक्के विरुद्ध ९ टक्के. या घरात डॉक्टर नव्हता, औषध नव्हतं, पगारी माणूस नव्हता. व्यसनाच्या क्षेत्रात इतका फरक दाखवणाऱ्या गोष्टी फार कमी आहेत.

जिथे हे बिघडतं

दोन ठिकाणी मला या पद्धतीची काळजी वाटते. पहिलं, लगेच बाहेर काढण्याचा नियम. दारूच्या काळात तो केला गेला. फेंटॅनिलसारख्या, थोड्याशा मात्रेतही जीव घेणाऱ्या औषधांच्या काळात त्याची किंमत वेगळी आहे. काही महिने थांबलेल्या माणसाच्या शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते. तो जुन्याच मापानं घेतो आणि मरतो. अशा माणसाला रात्री बॅग देऊन रस्त्यावर सोडणं धोक्याचं. नियम सोडा असं मी म्हणणार नाही, कारण तो सुटला तर घर सुटतं. पण काढताना डिटॉक्सला (शरीरातली नशा देखरेखीखाली उतरवतात तिथे) किंवा कोणाच्या तरी हाती सोपवूनच काढायचं, हे घरानं आधी ठरवून ठेवलं पाहिजे.

दुसरं, नफेखोरी. सोबर होम, म्हणजे नशा सोडलेल्यांचं घर, म्हणवणारं प्रत्येक घर ऑक्सफर्ड हाऊस नसतं. २०२३ च्या मे महिन्यात ॲरिझोनाच्या गव्हर्नर केटी हॉब्स आणि ॲटर्नी जनरल क्रिस मेयस यांनी एक मोठा घोटाळा जाहीर केला. मूलनिवासी अमेरिकनांना आरक्षित प्रदेशांतून उचलून फीनिक्स परिसरातल्या तथाकथित सोबर घरांत आणलं जात होतं आणि त्यांच्या नावानं सरकारी आरोग्य योजनेतून न दिलेल्या उपचारांची बिलं काढली जात होती. काही घरांत दारू आणि ड्रग्ज मिळतच होते. बिलं थांबली तशी माणसं रस्त्यावर आली. नॅव्हाहो नेशन या मूलनिवासी जमातीच्या प्रशासनानं आपली माणसं शोधून घरी न्यायला स्वतंत्र मोहीम काढली.

दोन्हीतला फरक पैसा कुठून कुठे जातो, यात आहे. ऑक्सफर्ड हाऊसमध्ये रहिवासी भाडं भरतो आणि मतही देतो. ॲरिझोनातल्या घरांत रहिवासी हाच माल होता. नियमन करायचं तर माणसं मोजून होणार नाही. वह्या तपासाव्या लागतील: घर कोणाच्या नावावर, पैसे कोणाकडून, राहणाऱ्याला जमाखर्च दिसतो का, त्याला मत आहे का.

आपल्याकडे

महाराष्ट्रात उपचाराची परंपरा चांगली आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं आणि पुढे राज्यात ठिकठिकाणी केंद्रं झाली. ए.ए.च्या मिटिंगा मराठीत चालतात. पण महिना-सव्वा महिन्याच्या उपचारानंतर माणूस जातो तो त्याच घरात, त्याच गल्लीत, त्याच टपरीसमोर. पहारा करायचं काम बायकोवर पडतं. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभं राहणं. ती आधीच दहा-पंधरा वर्षं थकलेली असते. ज्यांना घरच उरलेलं नाही, ते तर लॉजवर किंवा मित्राच्या खोलीत जातात, आणि तो मित्र बहुधा पिण्यातलाच असतो.

आठ-दहा जणांनी मिळून एखादा मोठा फ्लॅट किंवा बंगला घ्यायचा आणि स्वतःच चालवायचा, ही कल्पना आपल्याकडे अशक्य नाही. मेस आणि वर्गणी काढून खोली चालवणं मराठी माणसाला नवं नाही, शिक्षणासाठी शहरात आलेल्या पिढ्यान्‌पिढ्या तशाच राहिल्या. अडेल ते एडमंड्समध्ये अडलं तिथेच. सोसायटीच्या गेटवर 'फक्त फॅमिलीसाठी' हे वाक्य कागदावर नसलं तरी कमिटीच्या तोंडात असतं. धडधाकट नोकरदार पोरांना जिथे खोली मिळत नाही, तिथे "आम्ही सगळे दारू सोडलेले आहोत" असं सांगून कोणाला मिळणार? आणि न सांगता घेतली, तर घराचा पायाच खोटेपणावर. जो खोटेपणा सोडायला ही माणसं धडपडत असतात, तोच.

कायद्याचा आधार आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था घेतल्या आहेत. त्याच कायद्याच्या १९ व्या कलमानुसार अशा व्यक्तीला समाजात राहण्याचा, समाजापासून तोडलं न जाण्याचा हक्क आहे, आणि संस्थेतल्या उपचारांची गरज संपलेल्यांसाठी हाफवे होम, ग्रुप होम यांसारख्या जागा उभ्या करणं किंवा त्यांना पाठबळ देणं ही सरकारची जबाबदारी आहे. सोसायटीच्या कमिटीला मात्र हे कलम थेट बांधत नाही. घरमालकानं नकार दिला तर अमेरिकेच्या फेअर हाउसिंग कायद्यासारखं बोट ठेवायला खासगी घरांसाठी आपल्याकडे काही नाही.

म्हणून सुरुवात कोर्टापासून होणार नाही. ती एखाद्या समजूतदार घरमालकापासून होईल, आणि डिपॉझिटच्या रकमेपासून. शहरात मोठ्या जागेचं डिपॉझिट ही नुकत्या सावरणाऱ्या आठ जणांच्या आवाक्यातली गोष्ट नाही. राज्याच्या व्यसनमुक्तीच्या खर्चातून त्या चार हजार डॉलरच्या धर्तीवर एक फिरता निधी वेगळा काढला, गटाला बिनव्याजी उसने द्यायचे आणि हप्त्यांनी परत घ्यायचे एवढीच अट ठेवली, तर पहिली दोन-तीन घरं उभी राहू शकतील. निधी नोंदणीकृत केंद्रांमार्फत द्यावा, पण घराचा ताबा आणि वही राहणाऱ्यांकडेच असावी. मुदत ठेवू नये. आणि ज्या केंद्रातून ते बाहेर पडले, तिथल्या एका माणसाचा फोन नंबर रात्रीबेरात्री कोणाला बाहेर काढावं लागलं तर लागेल म्हणून भिंतीवर लावलेला असावा.